टोनी बेन यांनी झुगारलेली उमरावकी मुलाने घ्यायला हवी होती का?

निशिगंध:
ब्रिटनच्या मजूर पक्षाचे टोनी बेन आपल्याला थोडेफार माहीत असतात. त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते. डॉ. आंबेडकर, जयकर, मुंजे ज्या पहिल्या गोलमेज परिषदेला गेले, ती त्यांच्याच कारकिर्दीत भरली. १९४२ मध्ये त्यांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही वंशपरंपरागत पदवी, म्हणजे उमरावकी, मिळाली. ती पुढे थोरल्या मायकेलकडे जायची होती. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं, त्यामुळे त्याची हरकत नव्हती. पण १९४४ मध्ये हवाई दलात असताना तो गेला आणि वारसा धाकट्या टोनींच्या गळ्यात पडला.

नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले. ब्रिस्टल साउथ ईस्टमधून १९५० पासून निवडून येणारे टोनी त्याच क्षणी लॉर्ड झाले, आणि लॉर्डला तेव्हा कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, बसता येत नव्हतं; त्याची जागा लॉर्ड्समध्ये, उमरावांच्या सभागृहात. मे १९६१ मध्ये त्यांनी तरीही पोटनिवडणूक लढवली आणि १३,०४४ मतांनी जिंकली. सभागृहाच्या दाराशी पोचले, तर द्वारपालाने तिथेच अडवलं. निवडणूक न्यायालयाने जागा दिली हरलेल्या माल्कम सेंट क्लेअरना. मतदारांनी स्पष्ट कौल दिला होता, आणि तो एका मृत्युपत्रासारख्या गोष्टीने पुसला गेला. हे आज वाचतानाही राग येतो.

शेवटी ३१ जुलै १९६३ ला पदवी सोडायची मुभा देणारा कायदा झाला आणि त्याच संध्याकाळी टोनींनी पदवी सोडली. सेंट क्लेअरनी राजीनामा दिला, ऑगस्टमध्ये बेन परत निवडून आले.

आता पुढचं. २०१४ मध्ये टोनी गेले, थोरले चिरंजीव स्टीफन तिसरे व्हायकाउंट झाले. २०२१ मध्ये लॉर्ड्समधल्या वंशपरंपरागत सदस्यांसाठीच्या पोटनिवडणुकीत ते एकटेच उमेदवार होते. बिनविरोध लॉर्ड्समध्ये गेले. माझं स्पष्ट मत: ज्या घराने हा दरवाजा बंद करायला एवढं सोसलं, त्या घरातल्या माणसाने त्यातून आत जायला नको होतं.

रानवारा:
असहमत. १९६३ चा कायदा पदवी मोडत नाही, फक्त त्या माणसापुरती हयातभर बाजूला ठेवतो. त्याच्या मृत्यूनंतर ती वारसाकडे जातेच. म्हणजे स्टीफन यांनी काही परत मिळवलेलं नाही, ते आपोआप त्यांच्याकडे आलं. १९९९ नंतर लॉर्ड्समध्ये ९२ वंशपरंपरागत जागा उरल्या होत्या, त्यात मजूर पक्षाच्या अगदी मोजक्या. ती जागा स्टीफन यांनी घेतली नसती तर रद्द झाली नसती, दुसऱ्या कुठल्या तरी उमरावाला मिळाली असती. स्टीफन यांनी विज्ञानसंस्था आणि संसद यांच्यात दुवा म्हणून वर्षानुवर्षं काम केलंय. अशा माणसाने आत बसून कायदे तपासले तर बिघडलं काय?

निशिगंध:
रानवारा, आपोआप आलं हे खरं, पण नाकारायला कायदा वर्षभराची मुदत देतो. ती मुदत टोनींच्याच लढ्याने मिळालेली आहे. आणि पदवी येणं वेगळं, पोटनिवडणुकीचा अर्ज भरणं वेगळं. अर्ज कुणी आपोआप भरत नाही.

पाटावरची शाळा:
मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही स्टीफनवर अडकलात, बेन घराण्याकडे बघा. टोनींचे दोन्ही आजोबा खासदार, वडील खासदार, स्वतः टोनी, मग त्यांचे धाकटे चिरंजीव हिलरी बेन १९९९ पासून खासदार आणि २०२४ पासून उत्तर आयर्लंड खात्याचे मंत्री. पदवी टाकली तरी घराणं तिथेच. आपल्याकडे काका-पुतण्या, बाप-लेक बघत आलोय, आपल्याला हे नवं नाही. मतपेटीतून आलेली घराणेशाही चालते आणि पदवीतून आलेली चालत नाही, हा फरक मला तरी फार मोठा वाटत नाही.

निशिगंध:
फरक जमीन-अस्मानाचा आहे. हिलरींना मतदार घरी बसवू शकतात. स्टीफनना कोणता मतदार घरी बसवणार होता? आडनावाने तिकीट मिळतं हे मलाही खुपतं, पण तिथे निदान मत मागायला दारोदार जावं लागतं.

सावली:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. स्टीफन यांची मुलगी एमिली २०१० मध्ये संसदेची निवडणूक लढली, हरली. मुलांमध्ये थोरली ती, पण पदवी जाणार धाकट्या भावाकडे, कारण ती मुलग्यांनाच मिळते. टोनींनी संसदेतल्या ज्या अडगळीच्या खोलीत मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन १९११ च्या जनगणनेच्या रात्री लपली होती, तिथे स्वतः फलक लावला. त्यांच्या नातीला डावलणारी पदवी घरात ठेवायची, हे मला सर्वात जास्त लागतं. त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

रानवारा:
सावली, मुद्दा रास्त आहे. पण मग दोष कायद्याचा. १९६३ मध्ये पदवी कायमची संपवायची मुभा दिली असती तर आज हा प्रश्नच नसता. तशी दिली नाही, आणि फायदा कुणाला झाला? काही महिन्यांतच अर्ल ऑफ होम हुजूर पक्षाचे पंतप्रधान झाले आणि लगेच पदवी सोडून ॲलेक डग्लस-होम म्हणून राहिले. १९७४ मध्ये परत लॉर्ड्समध्ये गेले, तहहयात उमराव म्हणून, म्हणजे मुलांकडे न जाणारी पदवी घेऊन. त्यांना कुणी जाब विचारत नाही, स्टीफनना मात्र वडिलांचा लढा सांभाळायला सांगायचं.

निशिगंध:
होम यांनी उमरावकी चुकीची आहे असं कधी म्हटलंच नव्हतं, त्यांना जाब काय विचारणार? बेन यांनी म्हटलं होतं. २०२४ मध्ये मजूर सरकारने उरलेल्या वंशपरंपरागत सदस्यांना बाहेर काढणारं विधेयक आणलं. बेन घराण्यातला माणूस तेव्हा बाहेर काढायच्या यादीत होता, तो ‘काढा’ म्हणून सांगणाऱ्यांत पहिला असायला हवा होता.