मदत हवी आहे: मिलान हायस्कूलची (इंडियाना) जुनी इयरबुक्स (शाळेची दरवर्षीची स्मरणिका) कशी मिळतील?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मिलान गावच्या सरकारी हायस्कूलवर मराठीत लेख लिहितेय. १९५४ ची राज्य बास्केटबॉल फायनल सगळीकडे सापडते, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या बड्या शाळेला ३२-३० हरवलं, बॉबी प्लंपने चौथ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल नुसता धरून ठेवला आणि अगदी शेवटी शॉट मारला, केवढा धीर त्या पोराचा! पण मला मॅच नको, शाळा हवीये, म्हणजे विषय कोणते, शिक्षक किती, लांबची मुलं यायची कशी. विकिपीडिया बघून झालं, एनसीईएसच्या (अमेरिकी सरकारची शिक्षणाची आकडेवारी ठेवणारी संस्था) साइटवर फक्त अलीकडची पटसंख्या मिळते. मी पुण्यात आहे, तिकडे जाणं शक्य नाही, स्कॅनिंगचे पैसे द्यायची तयारी आहे. इंडियाना स्टेट लायब्ररीकडून १९५० च्या आसपासच्या इयरबुकची पानं ईमेलवर मागवलीयेत का कुणी, आणि भारतातून रिक्वेस्ट नेमकी कशी टाकायची?