हनुवटीवरचे केस: कारण कधी सापडलं, आणि मग काय केलंत?

पुण्यात तोंडाला स्कार्फ बांधून गाडी चालवणाऱ्या मुली कुठेही दिसतात. कुणी उन्हासाठी बांधतं, कुणी धुरासाठी. मी अठराव्या वर्षापासून बांधत आले ती हनुवटी झाकायला. गाडी लावली की आधी तिच्या आरशात मान वर करून बघायचं, कारण घरातल्या ट्यूबलाइटला न दिसलेला केस उन्हात लख्ख दिसतो. तो तिथेच प्लकरने काढायचा आणि मगच स्कार्फ सोडायचा. नळस्टॉपच्या सिग्नलला थांबले तरी बोट आपोआप स्कार्फच्या आत, हनुवटीवर जायचं.

आता माझं वय ३४. अकरा वर्षं दर आठवड्याला थ्रेडिंग केलं. मग लेसरचं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. ते देताना कुणी पाळीबद्दल विचारलं नाही की साधी रक्ततपासणी सांगितली नाही. दोन पगार गेले आणि वर्षभरात केस परत आले.

गायनॅककडे गेले ती मूल हवं होतं म्हणून. त्यांनी पहिला प्रश्न पाळीचाच विचारला. मी म्हटलं, दीड-दोन महिन्यांनी येते, माझी पहिल्यापासून तशीच आहे. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट बघून त्यांनी पीसीओएस, म्हणजे ओव्हरीशी (अंडाशयाशी) जोडलेली हार्मोनची गडबड, असं सांगितलं आणि चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन लिव्हरमध्ये तयार होतं, तेही कमी पडतं. मग मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवरची मऊ लव जाड, काळ्या केसांत बदलते. बदललेला केस गोळीने सहसा पुन्हा लव होत नाही, फार तर बारीक होतो, हळू वाढतो. तो काढावाच लागतो. पण नुसता काढत राहिलं आणि आतलं तसंच सोडलं, तर शेजारची लव बदलत राहते. माझं पॅकेज का वाया गेलं ते मला त्या चित्रावरून कळलं.

मूल हवं असताना केसांसाठीच्या गोळ्या चालत नाहीत. त्यातल्या स्पायरोनोलॅक्टोनने पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे माझा क्रम असा लागला: आधी बाळंतपण, मग गोळ्या, आणि सात महिन्यांनी फरक दिसू लागल्यावर पुन्हा लेसर. आता तीन-चार महिन्यांतून एकदा चार-पाच केस येतात.

मैत्रिणींनो, तुमचा क्रम काय होता ते लिहा. डॉक्टरांची, क्लिनिकची नावं आणि गोळ्यांचे डोस नकोत. एकीचा डोस दुसरीने घेऊ नये.

सिंहगड रोड, वय २७

माझी पाळी घड्याळासारखी. रिपोर्ट सगळे नॉर्मल. तरी ओठावर आणि हनुवटीखाली जाड केस. आईला आहेत, मावशीला आहेत. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातलं टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण बरोबर असलं तरी केसाच्या मुळाशी त्याचं जोरकस रूप जास्त तयार होऊ शकतं, किंवा मूळच हार्मोनला जास्त दाद देतं. आजार नाही म्हटल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, इतकी वर्षं मनात काहीबाही घेऊन फिरत होते.

मी थेट लेसर केलं, आठ सिटिंग, पाच-पाच आठवड्यांनी. लेसर केसातल्या काळ्या रंगद्रव्यावर काम करतं आणि वाढत असलेल्या केसावरच नीट चालतं, म्हणून एका फटक्यात होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका असतो. मशीन कोणतं ते विचारा. माझ्यासाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग वापरलं. आधी महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, प्लकर बंद. मूळच उपटून टाकलं तर लेसर मारणार कशावर?

हडपसर

सगळ्यांनी हे वाचा. लेसरवाले हनुवटीबरोबर गालांवरची लवही काढून देतो म्हणाले, मी हो म्हटलं. चौथ्या सिटिंगनंतर गालाच्या कडेने, कानापासून खाली, आधी नव्हते असे जाड केस आले. मला वाटलं माझंच काही चुकलं. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की लेसरने उलट केस वाढणं हे माहीत असलेलं आहे. सावळी त्वचा, चेहरा आणि आत हार्मोनची गडबड असेल तर जास्त. मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. बारीक लवेला लेसर लावून घेऊ नका. त्यानंतर रक्त तपासलं तेव्हा पीसीओएस निघालं. क्रम उलटा झाला माझा.

नारायण पेठ, वय ५८

पाळी गेल्यावर तीन वर्षांनी हनुवटीवर केस सुरू झाले. इस्ट्रोजेन उतरतं, अँड्रोजेन त्या मानाने तितकं उतरत नाही, म्हणून होतं म्हणे. माझे निम्मे पांढरे. लेसरवाल्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, काकू, पांढऱ्यावर हे चालत नाही, पैसे घालवू नका. तिचे उपकार मानते.

मग इलेक्ट्रोलिसिस केलं. केसाच्या बाजूने केसाइतकीच बारीक सुई मुळापर्यंत घालतात आणि वीज सोडतात. क्षणभर मुंगी चावल्यासारखं होतं. नंतर चिमट्याने धरला की केस ओढावा लागत नाही, अलगद सुटून येतो. ओढावा लागला तर मूळ मेलेलं नाही. एकेक केस असा, त्यामुळे वेळ फार. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास, सव्वा वर्ष लागलं मला. केसाच्या रंगाशी याला देणंघेणं नाही. पद्धत जुनी आहे, १८७५ साली अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत वळलेल्या पापण्यांसाठी काढली. तिथली एफडीए, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था, लेसरला केसांची कायमची घट एवढंच म्हणू देते. कायमचे काढणे हे शब्द इलेक्ट्रोलिसिसलाच. तेव्हा लेसरच्या पाटीवर ‘कायमचे’ दिसलं तर दोन प्रश्न विचारा.

धनकवडी

माझं थोडक्यात. चार महिन्यांत दाढीसारखे केस, समोरून टक्कल, आवाज घोगरा. भजनी मंडळात माझा स्वर बसेना तेव्हा बाकीच्या म्हणाल्या सर्दी आहे. मी पार्लर बदलत बसले. टेस्टोस्टेरॉन फार वाढलेलं निघालं, ओव्हरीवर गाठ होती, ऑपरेशन झालं. केस बरेच कमी झाले. आवाज पूर्वीसारखा आला नाही, मी आता खालच्या पट्टीत गाते. केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढणं वेगळं. असे झपाट्याने आले तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

वाकड

मला सहा वर्षं पीसीओएस म्हणून औषध चालू होतं. नवीन एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही रक्ततपासणी केली आणि दोष मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा निघाला, जन्मजात, सौम्य प्रकारचा. दोन्हीत केस आणि पाळी सारखीच दिसते. गोळ्यांनी भागत नसेल तर हे एकदा विचारून घ्या. रक्त सकाळी लवकर आणि पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत द्यायचं असतं.

कर्वेनगर

रेझरने केस जाड होतात का? लेसरआधी दाढी करून या म्हणाले, सासूबाईंनी ऐकलं आणि घरात दोन दिवस अबोला.

धागाकर्ती

नाही होत गं. केस टोकाला निमुळता असतो, रेझर तो सपाट कापतो, म्हणून खरखरीत लागतो. मुळाला काही कळत नाही. सासूबाईंना तुझ्याबरोबर डॉक्टरकडेच ने, मी आईला नेलं होतं. आपण सांगून जे पटत नाही ते पांढऱ्या कोटाने सांगितलं की पटतं.

बिबवेवाडी

मुलगी नववीत आहे. वर्गातल्या मुलांनी तिला मिशीवरून नाव पाडलंय, ते मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी तिला मसूरडाळीचं पीठ लावत होते, हळद लावत होते, आणि मोठी झालीस की जाईल म्हणत होते. तिची पाळी तीन-तीन महिने येत नाही, ते मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून बघितल्या नाहीत.

काल रात्री हा धागा तिला वाचायला दिला. धनकवडीच्या ताईंचं वाचून तिने विचारलं, माझा आवाज बदललाय का? नाही बदललेला, आम्ही दोघींनी मोबाइलमध्ये जुने व्हिडिओ लावून ऐकला. आज गायनॅककडे जाऊन आलो. या वयात लगेच नाव देत नाही, आधी तपासू म्हणाल्या. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय. कागद फ्रिजवर लावलाय. तोपर्यंत शनिवारी आम्ही दोघी थ्रेडिंगला जाणार आहोत, तिला आत्ता शाळेत जायचंय.