२००० च्या १३ आणि जुन्या ५०० च्या १२ नोटा: मुंबईत कुठे बदलायच्या?

मुलुंडकरीण: सासूबाईंच्या पेटीत या नोटा निघाल्या. २००० ची एक कसरीने खाल्लीय. बँकेत घेत नाहीत. सासूबाईंना रांगेत उभं राहवत नाही. काय करावं?

फोर्टवाला: बँकांची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली, म्हणून शाखेत नकार मिळतो. पण ताई, २००० ची नोट बाद नाही. ती आता रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत चालते. आपल्याला जवळची दोन, फोर्ट आणि बेलापूर. रोख हवी असेल तर एका वेळी २०,०००, म्हणजे १० च नोटा. तुमच्या १३ आहेत, त्यामुळे खात्यात जमा करणंच बरं.

सासूबाईंना न्यायचंच नसेल तर पोस्टाने पाठवा. रिझर्व्ह बँकेचा अर्ज, सासूबाईंच्या ओळखपत्राची आणि पासबुकाची झेरॉक्स, आणि नोटा. पाकीट विमा उतरवूनच पाठवायचं, विम्याशिवाय किंवा कुरिअरने अजिबात नको. सगळ्या नोटांचे नंबर आधी लिहून ठेवा, फोटोही काढा. मोजणीत फरक निघाला तर हाताशी तेवढंच असतं.

कसरीची नोट: सबंध नोट १६६ बाय ६६ मिमी, म्हणजे १०९.५६ चौ. सेंमी. उरलेला सर्वांत मोठा अखंड तुकडा ८८ चौ. सेंमी असेल तर पूर्ण पैसे, ४४ असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजा. चिकटपट्टी लावू नका.

मुलुंडकरीण: आणि ५०० च्या? एक एजंट कमिशनवर बदलून देतो म्हणतोय.

गिरगावचा हिशेबनीस: त्याच्या नादी मुळीच लागू नका! ८ नोव्हेंबर २०१६ च्या घोषणेत बाद झालेल्या नोटा आता कुठेच बदलून मिळत नाहीत. उलट २०१७ च्या कायद्याने ५०० आणि १००० मिळून १० पेक्षा जास्त बाळगणं गुन्हा आहे. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत चालतात. दंड १०,००० किंवा दर्शनी किमतीच्या पाचपटीपर्यंत, जे जास्त असेल ते. तुमच्या १२ नोटा ६,००० च्या, म्हणजे दंड ३०,००० पर्यंत जाऊ शकतो. त्या दुसऱ्याला देणंही गुन्हाच, मग एजंटला दिल्या तर तुम्हीही अडकाल. आणि त्याला सासूबाईंच्या आधारची झेरॉक्स तर कदापि देऊ नका.