गणपतीला निघताना आदल्या दिवशी सर्व्हिसिंग? कृपा करून नको

वाशिष्ठीकाठ

श्रावण लागला की एक पोस्ट फिरू लागते, यंदाही फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: "चाकरमान्यांनो, निघायच्या आदल्या दिवशी गाडी फुल सर्व्हिसिंगला टाका, ब्रेक पॅड नवे बसवा, टायरमध्ये ४० पीएसआय दाबाने नायट्रोजन मारा, रेडिएटरला पाणी टॉप करा आणि बाप्पाचं नाव घेऊन निर्धास्त सुटा." खाली सगळ्यांनी हात जोडलेत. चार सूचना, चारही चुकीच्या, आणि पहिली सगळ्यांत महागात पडणारी.

सर्व्हिसिंगमध्ये गाडीचे डझनभर जोड उघडून परत बंद होतात. त्यातला एखादा नीट बसला नसेल तर ते पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये कळतं. ड्रेन प्लगचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या खालच्या बुचाचा, वॉशर जुनाच ठेवला की ऑइल थेंबथेंब गळतं. फिल्टर काढताना जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला, तर गॅरेजच्या दारात काही दिसत नाही. हायवेला ऑइलचं प्रेशर वाढलं की रिंग सरकते आणि बघता बघता ऑइलचं चेंबर रिकामं. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप, होजचा क्लॅम्प, चाकांचे नट, काहीही राहू शकतं. मुंबईहून निघालात तर हे दोनशे किलोमीटर कशेडीच्या आसपास भरतात. चतुर्थीच्या आदल्या रात्री, भर पावसात, पोलादपूरला कोणता मेकॅनिक मोकळा बसलेला असतो?

नवे पॅड तर आदल्या दिवशी अजिबात नकोत. पॅड आणि तो जिला आवळतो ती चाकातली डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो: ६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक, दर वेळी मध्ये गार व्हायला थोडं अंतर, आणि मग दोनेकशे किलोमीटर सौम्य वापर. हे न करता भरलेली गाडी घाट उतरवली तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. पेडल कडक लागतं, गाडी मात्र थांबत नाही.

म्हणून सर्व्हिसिंग पंधरा दिवस आधी. मग रोजच्या वापरात गाडी फिरू द्या आणि निघायच्या दोन दिवस आधी घरीच बघा: सकाळी गार इंजिनवर डिपस्टिकने ऑइलची पातळी, रात्रभर खाली पुठ्ठा टाकून डाग पडतो का, कूलंटची पातळी, चाकांच्या नटांना पाना. एवढंच.

बारा-तेराचा पाना

म्हणजे नेहमीप्रमाणे गॅरेजवालाच गुन्हेगार. "पंधरा दिवस आधी या" हे प्रत्येक गॅरेज जून महिन्यापासून सांगतं. लोक येतात कधी? चतुर्थीला दोन दिवस उरले की. वायपरचं रबर फाटलेलं, पॅड शिट्टी वाजवतायत आणि तोंडी "संध्याकाळी सहाला गाडी पाहिजे". नवा पॅड १० ते १२ मिलिमीटरचा असतो, ३ च्या खाली गेला की बदलायचा. २ मिलिमीटरवर आलेल्या गाडीला "आता पंधरा दिवसांनी या" म्हणू? बदलायचाच. आणि तुम्ही सांगितलेले आठ-दहा ब्रेक रिकाम्या रस्त्यावर अर्ध्या तासात मारून होतात.

तारखेत काही नाही, शेवटच्या तपासणीत आहे. ऑइल बदलल्यावर दहा मिनिटं इंजिन चालू, दहा किलोमीटर फेरी, गाडी परत लिफ्टवर आणि खालून टॉर्च मारून ड्रेन प्लग न् फिल्टर कोरडा आहे का बघायचं. काढलेल्या फिल्टरला त्याची रिंग आहे ना, हे बघायला दोन सेकंद लागतात. गिऱ्हाइकाने समोर उभं राहून बघावं, कोणी हाकलत नाही.

नटांचं उलटंच आहे. ढिले कमी सापडतात, नट आवळायच्या मशीनने, म्हणजे गनने, बेसुमार आवळलेले जास्त. बहुतेक छोट्या गाड्यांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळ पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गनवाल्याला थांबवा, शेवटचा आवळ हाताने द्यायला सांगा. नाहीतर पंक्चर झाल्यावर डिकीतल्या त्या आखूड पान्यावर उभं राहून नाचलात तरी नट हलणार नाही.

सीएनजीची रांग

तुमचं सर्व्हिसिंग चालू द्या. स्टेपनी कुठे आहे हे किती जणांना माहीत आहे? कंपनी फिटेड सीएनजीच्या बऱ्याच गाड्यांत ती सिलिंडरच्या मागे किंवा खाली दडलेली असते. त्याच्यावर मखर, शिधा, चार बॅगा. माणगावला पंक्चर झालं की अख्खी डिकी पावसात रस्त्यावर मांडा. स्टेपनीत हवा भरून ठेवा, बाकी चाकांपेक्षा तीन-चार पीएसआय जास्तच. पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर पुढच्या सीटखाली ठेवा, डिकीत नको. कॉम्प्रेसर दहा-बारा अँपिअर खातो, सॉकेटचा फ्यूज तेवढा आहे का ते आधी बघा, एक जादा फ्यूज जवळ ठेवा.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, प्लेटवरची तारीख आजच बघा. सणाला पेण ते माणगाव पट्ट्यात सीएनजीची रांग लागतेच, म्हणून पेट्रोल निदान अर्धी टाकी. वर्षभर पेट्रोलवर न चाललेली गाडी त्या दिवशी पेट्रोलवर टाकलीत तर अडखळणारच. आठवडाभर आधीपासून रोज पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

राजापूर फाटा

केवढा काथ्याकूट! नवा पॅड असो की जुना, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची आणि ब्रेकवर हलका पाय ठेवायचा. पेट्रोल वाचतं, क्लच वाचतो. पॅड हजार-दोन हजारांत येतात, क्लच प्लेटला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. हिशेब करा.

वाशिष्ठीकाठ

हिशेबच करू. माणसं-सामान धरून १४०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली तर सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एक मोठी बादली गार पाणी उकळवायला एवढी उष्णता लागते. गाडी न्यूट्रलला असेल तर वाऱ्याने खाल्लं तेवढं सोडून ती जवळपास सगळी ब्रेकच्या डोक्यावर, आणि "हलका पाय" म्हणजे पॅड सतत घासत ठेवणं, डिस्कला श्वास घ्यायला उसंतच नाही.

मग दोन गोष्टी होतात. पॅड तापून पकड सोडतो, किंवा ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, हवेतला ओलावा शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या हवेत दोन वर्षं न बदललेलं ऑइल दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं असतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला.

म्हणून घाट दुसऱ्या गिअरला उतरायचा, इंजिनच गाडी रोखून धरतं. पेट्रोलचं म्हणाल तर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात. शून्य पेट्रोल. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. वीस मिनिटांच्या घाटात तुम्ही पाव लिटरपर्यंत जाळलंत. आणि क्लच? पाय पेडलवर नसताना प्लेट पूर्ण चिकटलेली असते, घसरत नाही, मग झिजणार काय?

राजापूर फाटा

बादली, ज्यूल... घाटात कॅल्क्युलेटर घेऊन बसता का? दुसऱ्या गिअरला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांवर रडतं, मागे बसलेल्यांचे जीव जातात. आणि मुंबई-गोवा हायवेला आता घाट उरलाय कुठे? कशेडीला बोगदा झाला, परशुराम चौपदरी होतोय. एसी रूममधले घाटतज्ज्ञ सगळे.

बारा-तेराचा पाना

साहेब, सहा हजारांपर्यंत फिरणारं इंजिन साडेतीन हजारावर रडत नाही, काम करतं. आवाज येतो म्हणून काही तुटत नाही.

आणि घाट उरला नाही म्हणताय, तर हायवेची कोंडी टाळायला कितीतरी मुंबईकर पुण्यावरून वळतात. कराड-पाटणवरून कुंभार्ली, कोल्हापूरवरून आंबा, ताम्हिणीतून माणगाव. घाटाच्या पायथ्याला पोफळी किंवा साखरप्याला पोचेपर्यंत चाकांतून येणारा करपट वास कसला असतो? तो वास आला की गाडी बाजूला घ्या, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, डिस्कवर पाणी ओतू नका. वाकडी होते, मग स्टिअरिंग थरथरतं.

कळणा-कोंडा

एएमटीवाल्यांनी, म्हणजे ज्यांची गाडी क्लच-गिअर स्वतःच बदलते त्यांनी, काय करायचं ते कोणी सांगणार आहे का, की नुसतं भांडायचंय?

बारा-तेराचा पाना

ताई, एएमटी 'डी' मध्ये ठेवली तर उतारावर पाय सोडताच ती वरचा गिअर घेते, अगदी नको तेव्हा. मॅन्युअल मोडला घ्या आणि दोनवर ठेवा. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) 'एल' किंवा 'एस' किंवा 'बी', जे दिलं असेल ते. साध्या ऑटोमॅटिकला २ किंवा एल. स्ट्राँग हायब्रिडची छोटी बॅटरी लांब उतारावर मध्येच भरते आणि ब्रेकिंग कमी झाल्यासारखं वाटतं, तिथे 'बी' टाकायचं. इलेक्ट्रिकवाल्यांनी घाटमाथ्याजवळ १०० टक्के चार्ज करून उतरू नये, भरलेल्या बॅटरीत रीजेन, म्हणजे गाडी रोखताना तयार होणारी वीज, जाणार कुठे? ८५ वर थांबा.

ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, ठाम आणि थोडा वेळ, मग सोडायचा.

हॅझर्ड हटाव

विषय निघालाच आहे तर. पावसात, धुक्यात, घाटात चारही इंडिकेटर लावून चालवणाऱ्यांचं काय करायचं? हॅझर्ड थांबलेल्या गाडीसाठी असतात. ते चालू असताना तुम्ही डावीकडे वळताय की ओव्हरटेक करताय, हे मागच्याला कळायचा रस्ताच नाही. लो बीम लावा, मागचा फॉग लॅम्प असेल तर लावा आणि वेग कमी करा. आतून काच धुरकटली तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्या. रीसर्क्युलेशनवर पाच माणसांच्या श्वासाचा दमटपणा आतच फिरतो.

सीएनजीची रांग

विषय निघाला नव्हता. तुम्ही प्रत्येक धाग्यावर काढता.

हॅझर्ड हटाव

कारण प्रत्येक पावसाळ्यात लोक लावतात.

राजापूर फाटा

बरं. दुसरा गिअर. हात जोडले तुमच्या बादलीपुढे. पण एक गोष्ट कबूल करा, न्यूट्रलला ब्रेक "जातो" म्हणून जे घाबरवतात तेही खोटंच आहे. इंजिन चालू असेल तर पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोच.

वाशिष्ठीकाठ

कबूल. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचा बूस्टर जातो. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपला, मग पेडल म्हणजे दगड. ते महाभाग वेगळे, तुम्ही त्यातले नाही, एवढं श्रेय घ्या.

आणि पानेवाल्यांचंही एक मान्य. संपलेले पॅड घेऊन निघण्यापेक्षा आदल्या दिवशी बदललेले बरे, पण ते अर्ध्या तासाचे ब्रेक मारूनच. पॅड चांगले असताना केवळ पोस्टमध्ये लिहिलंय म्हणून बदलणाऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे.

आता उरलेल्या दोन सूचना. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याला हरकत नाही, हरकत ४० ला आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात पूर्ण भाराचा वेगळा रकाना असेल तर तो आकडा घ्यायचा, टायर गार असताना. ४० वर टायर मधोमध फुगतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. धावल्यावर तीन-चार पीएसआय वाढतो, तो वाटेत सोडायचा नाही. खोबणी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, पावसासाठी त्याच्या बराच आधी.

पाण्याचं तर विचारूच नका. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतो, कूलंट पातळ होऊन उकळण्याचा बिंदू खाली येतो. पातळी उतरली असेल तर त्याच जातीचं कूलंट, डीमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं. तयार मिश्रण असेल तर तसंच, त्यात पाणी नाही. आणि पातळी उतरली का, हे शोधा. बंद सिस्टीममधलं कूलंट आपोआप संपत नाही.

कळणा-कोंडा

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकड्यांचं एक चाक असतं, ते कशाचं? आजवर ०लाच आहे.

बारा-तेराचा पाना

हेडलाइटची उंची. मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी असली की गाडीचं नाक वर जातं आणि लो बीम थेट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. पाच जण आणि सामान असेल तर साधारण २ वर ठेवा, नेमकं मॅन्युअलमध्ये आहे. रात्री भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी करून बघा, झोत खाली येताना दिसेल. गावाला सामान उतरवलं की परत ०, नाहीतर येताना म्हणाल लाइट कमी पडतो, नवे बल्ब टाका.