मदत हवी आहे: उभी नोकरी क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगमध्ये गेली, चव्वेचाळिशीत क्षेत्र बदलता येईल का?

नमस्कार. मी बेळगावात अनगोळला राहतो. मेकॅनिकलची पदवी घेतल्यापासून उद्यमबागेतील एकाच कारखान्यात असून तिथेही क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंगचा विभाग कधी सुटला नाही. क्रँकच्या पिन आणि जर्नल या गोल भागांची मापे मायक्रॉनमध्ये राखणे, इंडक्शन हार्डनिंगने कठीण केलेल्या पृष्ठभागावर ग्राइंडिंग बर्न आला, म्हणजे घासताना उष्णतेने धातू करपला, तर त्याचे मूळ व्हीलच्या ड्रेसिंगमध्ये (व्हील पुन्हा धारदार करण्यात) आहे, कूलंटच्या धारेत आहे की फीडमध्ये, हे हुडकून काढणे, एवढ्या कामात माझा हात धरणारे फार जण नसावेत. मॅग्नेटिक क्रॅक तपासणीत अतिनील दिव्याखाली ग्राइंडिंगच्या दिशेला आडवी, केसाएवढी हिरवी रेघ, म्हणजे तडा, चमकली की माझ्या पोटात मात्र अजूनही गोळा येतो.

यापलीकडे मला फारसे येत नाही. डिझाइन कधी केले नाही, फाइव्ह अ‍ॅक्सिस यंत्राच्या प्रोग्रामिंगचा गंध नाही. इलेक्ट्रिक गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही; ट्रॅक्टर आणि जनरेटरची डिझेल इंजिने लगेच बंद पडणार नसली, तरी निवृत्तीपर्यंतची वर्षे त्यांच्या भरवशावर काढणे मला धोक्याचे वाटते. मध्यंतरी एका मुलाखतीत ‘म्हणजे तुम्ही फक्त क्रँकच केलेत?’ असे विचारून पाच मिनिटांत वाटेला लावले.

माझी नजर बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेस (विमानांचे भाग बनवणाऱ्या) वसाहतीकडे आहे. विमानाच्या लँडिंग गिअरचे उच्च ताकदीच्या पोलादाचे भाग ग्राइंड केल्यावर बर्नसाठी नायटल एचिंगने (सौम्य आम्ल लावून) तपासतात, आणि ती तपासणी माझ्या रोजच्या कामातली आहे. तेव्हा बायोडेटात ‘क्रँकशाफ्ट’ मागे ठेवून ‘ग्राइंडिंग आणि पृष्ठभागाची गुणवत्ता’ पुढे आणली, तर तिथले लोक विचार करतील का? आमचे ऑडिट आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे असते. तिकडे एएस ९१०० हे विमान उद्योगाचे मानक चालते, त्याचे प्रशिक्षण आधी घ्यावे की चुंबकीय तपासणीचे लेव्हल टू प्रमाणपत्र? या वयात एम.टेक. करून काही साधेल, असे मला वाटत नाही.

वाहन उद्योगातून तिकडे गेलेल्यांनी कोणत्या पदावर घेतले आणि पगारात किती खाली यावे लागले, हे मोकळेपणाने लिहावे. कागलपर्यंत रोज ये-जा करण्याची तयारी आहे. पुण्याला जाण्याचा सल्ला कृपया देऊ नये. आई-वडील खानापूर तालुक्यात शेतावर आहेत आणि मुलगी यंदा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे.