विषय: आईबाबांच्या वसाहतीत शिरणारी मोकाट जनावरं (नाशिक)

नमस्कार मंडळी,

इकडे परदेशात असलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे, ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतींत राहतात, म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे. होळीनंतर आमच्याकडच्या वसाहतीत मोकाट जनावरं शिरू लागली आहेत. बरेचसे गोऱ्हे, एकदोन भाकड गाई. कुंड्या तुडवल्या, जास्वंदी बोडक्या केल्या, तेवढं चालतं हो. पण पार्किंगमधल्या शेणावरून शेजारच्या काकू घसरल्या आणि मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. आईने संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. या वयात फिरणं सुटलं की सगळंच सुटतं.

रहिवाशांत दोन तट पडलेत. दारात गाय आली, तिला हाकलायचं कसं, असं काही जण म्हणतात. बाकीचे म्हणतात, महापालिकेची गाडी बोलवा आणि उचलून न्या. मीटिंगमध्ये आवाज चढले, दोन जुनी मित्रमंडळी आता एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्या मराठी मंडळातर्फे महापालिका आयुक्तांना पत्र द्यावं असं मला वाटतं. मसुदा मी करते.

– डॅलसहून

---

ताई, नमस्कार.

पत्र जरूर देऊ. पण ही जनावरं आली कुठून ते आधी बघू, नाहीतर आज उचललेली गेली की उद्या दुसरी येतील. मी निफाडकडच्या शेतकरी घरातला, इकडे येण्यापूर्वी जनावरांचा डॉक्टर होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

हे गोऱ्हे बहुतेक होल्स्टिन नाहीतर जर्सी या परदेशी दुधाळ जातींच्या संकराचे असणार. संकरित गाय दुधासाठी ठेवतात. तिला कालवड झाली तर घर खूश. गोऱ्हा झाला तर त्याचं करायचं काय? वशिंड नसल्यात जमा, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही. उन्हात लवकर धापा टाकतो. आणि नांगरट आता ट्रॅक्टरनेच होते. पूर्वी असं जनावर बाजारात जायचं. 1976 च्या राज्याच्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होतीच, 2015 मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल-वळूही त्यात आले. त्यानंतर म्हाताऱ्या, निकामी जनावराला गिऱ्हाईक राहिलं नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरातली मोकाट गुरं 50 लाखांवर भरली. 2024 मध्ये राज्य सरकारने गोशाळांना दर गाईमागे रोज 50 रुपये अनुदान जाहीर केलं, पण तेही देशी गाईसाठी. संकरित गोऱ्हा तिथेही उपराच. हिरवा चारा संपला, कडबा महागला की छोटा शेतकरी रात्री दावं सोडतो. त्याला शिव्या देववत नाहीत मला. त्याच्या गोठ्यात दुभत्या गाईलाच पुरत नाही.

आता करायचं काय. जनावराच्या कानात पिवळा टॅग असेल तर त्यावरचा बारा आकडी नंबर टिपा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावरून मालकाची नोंद सापडते. टॅग नसेल तर कोंडवाडा. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा अजून चालू आहे: मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवायचं, कोणी आलंच नाही तर लिलाव. कोंडवाडा कोणाचा हे घरपट्टीची पावती सांगेल. त्या भागात हद्द फार फसवी आहे, रस्त्याच्या एका बाजूला महापालिका तर दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत.

सगळ्यात महत्त्वाचं खाण्याचं. जनावर उगाच रोज एका जागी येत नाही. स्वयंपाकघराच्या मागे उरलेला भात, पोळ्या, आंब्याच्या साली पडत असणार, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. गाय गाठ सोडत बसत नाही, पिशवीसकट गिळते, आणि ती पिशवी पहिल्या पोटात कायमची राहते. भात-पोळीचा ढीग एकदम पोटात गेला की तिथे आंबतो, पोट फुगतं, डावी कूस ढोलासारखी ताठ होते. अशी जनावरं मी हातात मरताना पाहिली आहेत. गोग्रास घालणाऱ्या आजी-आजोबांना पुण्याचा हिशोब आपण शिकवू नये. त्यांना एवढंच सांगा की एक घास पुरे, बाकी चारा घाला, तोही फाटकाबाहेर ठरलेल्या एका जागी. पाण्याची टाकीही तिथेच ठेवा. गाय उपाशी जाणार नाही आणि काकूंची पायवाट कोरडी राहील.

वॉचमनला काठी घेऊन धावायला लावू नका. जनावराला नेमकं पाठीमागचं दिसत नाही. मागून आवाज झाला की ते बिचकून सुटतं, आणि पुढे बंद गल्ली असली की उलटं फिरतं. बाजूने यावं, हात पसरून हळू चालावं, फाटक आधी उघडं ठेवावं.

फाटकाखाली खड्ड्यावर आडव्या लोखंडी पाइपांची जाळी टाकली तर गुरं ओलांडत नाहीत. पण तिच्यात वॉकर आणि काठी अडकेल, म्हणून चालणाऱ्यांसाठी बाजूला लहान दार हवंच.

– टोरांटोहून

---

दादा, मनापासून आभार.

तुमची मेल आईला फोनवर वाचून दाखवली. ती सिन्नरची, माहेरी बैलजोडी होती. म्हणाली, "हे सगळं आम्हाला ठाऊक होतं गं, कोणी विचारलंच नाही." आज तिनेच दोन्ही तटांच्या मंडळींना चहाला बोलावलं. चाऱ्याची जागा ठरली: कुंपणाबाहेरच्या कडुनिंबाखाली. पेंढ्यांचा खर्च ज्यांना गोग्रास घालायचा आहे ते उचलणार, शेण काढणाऱ्या मावशींचा पगार बाकीचे वाढवून देणार.

घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची निघाली, तेव्हा पत्र सरपंचांच्या नावे करते. बाबांनी एका तांबड्या गाईच्या टॅगचा फोटो काढलाय, बाराही आकडे स्पष्ट दिसतात. सोमवारी ते दवाखान्यात जातील. जाळी आणि लहान दारासाठी वर्गणी द्यायची असेल त्यांनी मला वेगळी मेल करावी, आणि पत्रावर नाव हवं असेल तर रविवारपर्यंत कळवा.

– डॅलसहून