धोक्याची पातळी वाढली की दूतावासात नेमकं काय बदलतं?

रानवाट (प्रश्न)
'दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्यामुळे अमुक शहरातला दूतावास बंद' अशी बातमी येते आणि पुढे काहीच कळत नाही. बंद म्हणजे आतली माणसं देश सोडून जातात का? निर्णय कोण घेतं? पहारा आणि भिंती यांत त्या दिवशी काय फरक पडतो? आणि तिथल्या आपल्या माणसाने त्याच सुमारास पासपोर्ट नूतनीकरणाला दिला असेल तर त्याने काय करायचं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

खलबतखाना
आधी 'बंद'चा अर्थ. ऑगस्ट 2013 मध्ये अमेरिकेने पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतले वीसच्या आसपास दूतावास आणि वाणिज्य दूतावास एकदम बंद ठेवले. सुरुवात रविवारी, 4 तारखेला झाली, कारण त्या भागात रविवार कामाचा दिवस. बंद झालं ते जनतेसाठीचं दार: व्हिसा, मुलाखती, नोटरी. बहुतेक ठिकाणचे अधिकारी तिथेच होते. फक्त येमेनची राजधानी सना इथून 6 तारखेला कर्मचारी हलवले. आठवड्याभराने बाकीचे बहुतेक उघडले, सना नाही.

अमेरिकेच्या प्रत्येक दूतावासात एक आपत्कालीन समिती असते. तिच्यात सुरक्षा अधिकारी, वाणिज्य (म्हणजे व्हिसा-पासपोर्ट पाहणाऱ्या) विभागाचे प्रमुख, प्रशासन अशी मंडळी बसतात. समिती राजदूतांना सल्ला देते. माणसं हलवायची असतील तर राजदूत शिफारस करतात आणि मंजुरी वॉशिंग्टनहून येते. पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी गर्दी कमी करायची. मग कुटुंबीयांना आणि अत्यावश्यक नसलेल्यांना 'हवं तर जा' अशी परवानगी. त्यापुढे 'गेलंच पाहिजे' असा आदेश. सगळ्यात शेवटी कामकाजच स्थगित. परवानगी किंवा आदेशाची मुदत जास्तीत जास्त 180 दिवस. तेवढ्यात माणसं परत आणायची, नाहीतर 'इथे कुटुंब आणता येणार नाही' असा त्या ठिकाणाचा दर्जाच बदलायचा.

स्थानिक कर्मचारी या हिशोबात बसत नाहीत. ते त्याच शहराचे रहिवासी, त्यांना विमान नाही. फार तर 'घरी थांबा, पगार चालू राहील' एवढंच सांगता येतं. ही गोष्ट मला फार खटकते, कारण फाटकावर उभा असतो तो बहुतेक वेळा त्यांच्यातलाच.

चिरेबंदी
भिंतींबद्दल सांगतो. इशारा आल्यावर भिंत मागे सरकवता येत नाही. ते काम दहा वर्षं आधी झालेलं असावं लागतं.

केनियाची राजधानी नैरोबी, 7 ऑगस्ट 1998. अमेरिकी दूतावास भर वस्तीत, रस्त्याला लागून. ट्रक मागच्या वाहनतळाकडे आला. पहारेकऱ्याने आडवा दांडा उघडायला नकार दिला. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं. मुख्य चौकीला कळवायला गेला तर फोन व्यग्र आणि रेडिओची एकुलती वाहिनीही अडलेली. हल्लेखोराने आधी हातबाँब फेकला. तो आवाज ऐकून आतली आणि शेजारच्या इमारतींतली माणसं बघायला खिडकीशी आली, आणि मग ट्रकचा मुख्य स्फोट झाला. कितीतरी जणांचे डोळे काचांनी गेले. शेजारची उफुंडी इमारत कोसळली. त्याच दिवशी टांझानियातल्या दार-एस-सलामच्या अमेरिकी दूतावासावरही हल्ला झाला. दोन्हीकडची मिळून 224 माणसं गेली, त्यांत अमेरिकी 12. बाकी जवळजवळ सगळे तिथलेच लोक.

त्यानंतर 1999 च्या कायद्याने नव्या अमेरिकी दूतावासांना कुंपणापासून इमारतीपर्यंत 100 फूट अंतर बंधनकारक झालं. अंतर वाढलं की स्फोटाचा दाब झपाट्याने उतरतो, म्हणून हे अंतर कुठल्याही काँक्रीटपेक्षा मोलाचं. काचेला आतून फिल्म लावतात, पण ती चौकटीला पक्की बांधलेली हवी. नाहीतर तुकडे उडत नाहीत, पण अख्खी काचच आत येते. सरावात हे घोटून घेतात: धोक्याची घंटा किंवा बाहेर कसलाही धमाका ऐकला की खिडकीकडे जायचं नाही, जागच्या जागी टेबलाखाली बसायचं.

इशाऱ्याच्या दिवशी करता येतं ते एवढंच. एरवी निवडक गाड्या तपासतात, आता प्रत्येक गाडी. बॉनेट, डिकी, खालून आरसा. दोन अडथळ्यांच्या मधे गाडी घ्यायची आणि दोन्ही एका वेळी कधीच उघडायचे नाहीत. इथे चूक होते ती अशी: तपासणी वाढली की गाड्यांची रांग रस्त्यावर येते आणि लक्ष्य फाटकाबाहेर तयार होतं.

हिंदुकुश
रांगेचा मुद्दा काबूलच्या आपल्या दूतावासाने सोसला आहे. 7 जुलै 2008 ला सकाळी फाटकाशी गाडीतल्या बाँबचा स्फोट झाला. कामावर येणाऱ्यांची आणि व्हिसासाठी आलेल्यांची ती वेळ. दूतावासातले लष्करी अधिकारी ब्रिगेडियर रवि दत्त मेहता, राजनैतिक अधिकारी व्ही. वेंकटेश्वर राव आणि पहाऱ्यावरचे आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) दोन जवान त्यात गेले, आणि पन्नासहून अधिक अफगाण. त्यानंतर बाहेरचं संरक्षण भक्कम केलं. 8 ऑक्टोबर 2009 ला पुन्हा तसाच हल्ला झाला, तेव्हा आतलं कोणी दगावलं नाही. तरी रस्त्यावरची 17 माणसं गेली.

म्हणून पातळी वाढली की पहिलं काम म्हणजे रांग मोडणं. भेटीच्या वेळा लांबवायच्या, अर्ज दुसऱ्या जागी घ्यायचे, थांबायची जागा फाटकापासून दूर न्यायची. फाटकाबाहेरचा रस्ता यजमान देशाचा. 1961 च्या व्हिएन्ना कराराचं 22 वं कलम त्या देशावर दूतावासाच्या रक्षणाची खास जबाबदारी टाकतं, पण पोलिसांची जादा गाडी मागावी लागते, आणि लेखी.

रानवाट
धन्यवाद. दूतावासाला कळलेला धोका बाहेरच्या सामान्य माणसाला सांगतात का?

खलबतखाना
अमेरिकेत तसा नियमच आहे, आणि त्यामागे घाव आहे. डिसेंबर 1988 मध्ये हेलसिंकीच्या अमेरिकी दूतावासाला फोन आला की पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानात बाँब असेल. ती सूचना मॉस्कोच्या दूतावासात फलकावर लागली, बाकी प्रवाशांना कळली नाही. 21 डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान फुटलं, 270 मृत्यू. तो फोन खोटा होता असं तपासात ठरलं, पण लोकांचा प्रश्न खरा होता: तुमच्या माणसांना सांगितलंत, आम्हाला का नाही? आता ठोस धोक्याची सूचना स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दिली तर ती तिथल्या अमेरिकी नागरिकांनाही द्यावी लागते.

हिंदुकुश
पासपोर्टचं. नूतनीकरणाला देताना पहिल्या-शेवटच्या पानाची आणि निवास परवान्याची प्रत काढून ठेवा, पावती जपा. दार बंद असलं तरी आपल्या दूतावासाचा आपत्कालीन फोन सहसा चालू असतो. पासपोर्ट हाती येणं शक्यच नसेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा: अर्ज, फोटो, जुन्या पासपोर्टची प्रत. त्यावर फक्त भारतात परतता येतं, तिसऱ्या देशात जाता येत नाही. आणि काही देशांत बाहेर पडायला तिथल्या इमिग्रेशनची परवानगी वेगळी लागते. लोक नेमकं हे विसरतात आणि विमानतळावर अडकतात. तिकीट काढण्याआधी ते विचारा.